कसेल त्याची जमीन, घरातसुद्धा: खान्देशातल्या वडीलधाऱ्यांना खुले पत्र

आदरणीय नाना, आप्पा, आबा, बापू, जिभाऊ,

सप्रेम नमस्कार.

सातबारा तुमच्या नावावर आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला. सरकारकडे आणि बँकांकडेही मागणं आहे, ते पुढे येईलच. पण ज्या गोष्टीला तुमच्या सहीपलीकडे फारसं काही लागत नाही, ती आधी तुमच्यापुढेच ठेवायला हवी.

मी चोपडा तालुक्यातल्या एका गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. सातबारा, आठ-अ, फार्मर आयडी, महाडीबीटीचे अर्ज, उत्पन्नाचे दाखले, दिवसभर हेच काम. त्यामुळे जमीन कोणाच्या नावावर आहे आणि तिच्यासाठी हेलपाटे कोण घालतं, हे दोन्ही मला रोज दिसतं. खातेदार सत्तरी-पंचाहत्तरीचा. हेलपाटे घालणारा पस्तिशीचा, चाळिशीचा, कधी पन्नाशीला टेकलेला. तापीकाठच्या केळीच्या गावांत हेच, पांझरा-बोरीकाठच्या कापसाच्या गावांतही हेच.

मागच्या हिवाळ्यात ठिबकचा अर्ज भरायला एक भाऊ आले. वय एक्केचाळीस. कानाजवळचे केस पिकलेले, सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग, जे कितीही धुतले तरी निघत नाहीत. बाग त्यांनी लावलेली. टिश्यूची रोपं त्यांनी उधारीवर आणलेली, मोटार जळाली की रात्री वायरमनला शोधत तेच फिरणार. मी अर्ज उघडला. अर्जदार: वडील. आधार: वडिलांचं. बँक खातं: वडिलांचं. ओटीपी वडिलांच्या मोबाईलवर गेला. वडील गावात ओट्यावर आडवे झालेले, फोन घरात चार्जिंगला. नातवाने धावत जाऊन आकडे वाचून दाखवले तोवर वेळ संपली होती. दुसऱ्यांदा पाठवला, तिसऱ्यांदा जमलं. अर्ज पूर्ण झाल्यावर ते स्क्रीनकडे बघत म्हणाले, "यात माझं नाव टाकायला कुठे जागा आहे का?" नव्हती. पूर्ण अर्जात कुठेच नव्हती.

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे, कारण ते रोज ऐकतो. "बठं तुन्हंच शे ना! घाई कसानी?" तुम्ही ते मनापासून म्हणता यात मला शंका नाही. एकुलता एक मुलगा असला तर त्याच्याशिवाय दुसरं कोणाला देणार आहात? दोन असले तर दोघांनाच. पण "तुझंच आहे" एवढ्यावर सोसायटी पीककर्ज देत नाही. विकास सोसायटीचं सभासदत्व नावावर जमीन असणाऱ्याला मिळतं. राज्यात एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी फार्मर आयडी सक्तीचा झाला आणि तो आयडी निघतो जमिनीच्या नोंदीवरून. म्हणजे पंधरा-वीस वर्षं शेती करणारा माणूस सरकारच्या कागदावर शेतकरीच नाही. बँकेत त्याची पत नाही. मग तो रासायनिक खत आणि औषध कृषी केंद्रातून उधार आणतो, हंगामाच्या शेवटी दुकानदार सांगेल तो भाव देतो. घरात अडचण आली की त्याची बायको बचत गटातून नाहीतर मायक्रोफायनान्सवाल्याकडून कर्ज उचलते आणि आठवड्याचे हप्ते फेडत बसते. त्या कर्जाचा पत्ता तुम्हाला बऱ्याचदा नसतो.

आणखी एक नोंद सांगतो, जी मला फार लागते. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत सरकारने खातेदाराच्या घरातला, सातबाऱ्यावर नाव नसलेला एक सदस्यही धरला आहे. शेतात वीज पडून, साप चावून, विजेचा धक्का लागून तो गेला तर वारसांना दोन लाख मिळतात. ही सोय चांगलीच आहे. पण तिचा अर्थ बघा: तो मेल्यावर शासन त्याला शेतकऱ्याच्या घरातला कमावता माणूस मानतं, जिवंत असताना त्याला कर्जाच्या अर्जावर सहीसुद्धा करता येत नाही.

आता तुमच्या वडिलांची आठवण करून देतो. १ एप्रिल १९५७. कूळकायद्यातला हा दिवस तुमच्यापैकी अनेकांच्या घरात नशीब बदलणारा ठरला. १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट आणि शेतजमीन कायद्यात नंतर सुधारणा झाली आणि त्या तारखेला कूळ हा जमिनीचा मालक मानला गेला. किंमत ठरली आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, वीस ते दोनशे पटीत, तीही हप्त्यांनी फेडायची. "कसेल त्याची जमीन" ही घोषणा तेव्हा गावोगाव झाली. खान्देशात कित्येक घरांचा सातबारा तिथूनच सुरू होतो, जुने फेरफार काढले की त्या कायद्याच्या कलम बत्तीस-ग चा शेरा अजून दिसतो. तुमच्या वडिलांना त्या वेळी कोणी "सावकार मेल्यावर तुझंच आहे" असं सांगितलं असतं तर चाललं असतं का? सावकाराचं नाव उतरून त्यांचं नाव चढलं, तेव्हाच त्यांनी विहिरीला हात घातला, तेव्हाच तगाई मिळाली, तेव्हाच घराला पत आली. कसणाऱ्याचं नाव कागदावर हवं, हे तत्त्व ज्या पिढीला सगळ्यात जास्त फळलं, त्या पिढीच्या मुलांना मी ते त्यांच्याच घरात लावायला सांगतो आहे.

मुलगा म्हणजे कूळ नव्हे, हे मान्य. पण आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी ठरतो तेव्हा काय होतं ते आठवा. साल ठरतं, रक्कम ठरते, आज ती लाखाच्या आसपास जाते. वर धान्य, कपडे, सणाचे पैसे, उचल किती ते सगळं बोलून घेतलं जातं. वर्ष संपलं की हिशेब होतो, पटलं नाही तर तो दुसऱ्या वाड्यावर जातो. पोटच्या पोराचा हिशेब कोणत्या आखाजीला होतो? त्याने पंचवीस वर्षं शेत सांभाळलं त्याचं मोल कुठे लिहिलेलं नसतं. मोटारसायकलमध्ये पेट्रोल टाकायला चाळिशीचा बाप झालेला माणूस आपल्या वडिलांपुढे उभा राहतो, हे मी माझ्याच ओळीतल्या घरांमध्ये पाहिलं आहे. तुम्ही नाही म्हणत नाही. पण मागावं लागतं.

तुम्ही हे सगळं आयतं मिळवलं असं मी म्हणत नाही आणि कोणी म्हटलं तर मला राग येईल. ७२ च्या दुष्काळात तुम्ही खडी फोडलीत. काळ्या मातीच्या खाली पंचवीस हात विहीर खोदलीत, तापीवरून पाइपलाइन आणताना दागिने गहाण टाकलेत. मुलांना तालुक्याला शिकवलंत. ती मेहनत कोणी नाकारत नाही. मात्र त्या मेहनतीबरोबर काळानेही तुम्हाला हात दिला, आणि तो हात आमच्या पिढीच्या वाट्याला आला नाही.

सोन्याचंच बघा. जळगावच्या सराफ बाजाराचं नाव सगळ्या महाराष्ट्रात आहे, आणि खान्देशी घरात बचत म्हणजे आधी सोनं. कापूस विकून क्विंटलाला तोळा यायचा, असं जुनी माणसं सांगतात. तो काळ सोडून देऊ, अलीकडचंच धरू. २००५ च्या सुमाराला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव दोन हजारांच्या आसपास होता आणि सोनं दहा ग्रॅमला सात हजारांच्या आसपास. साडेतीन क्विंटल कापसात तोळा यायचा. २०२५-२६ साठी त्याच कापसाचा हमीभाव होता ८,११० रुपये आणि सोन्याने २०२५ मध्येच लाखाचा आकडा ओलांडला. म्हणजे बारा क्विंटलच्या वर कापूस द्या, तेव्हा तोळा. तोही हमीभाव हातात पडला तर. व्यापारी ओलावा दाखवून किती कापतो ते तुम्हाला मी सांगायला नको. ज्याच्या डब्यात वीस वर्षांपूर्वीचं सोनं आहे त्याचं सोनं बसल्या जागी वाढलं. ज्याला आज कापूस पिकवून सोनं घ्यायचं आहे, लेकीच्या लग्नासाठी, त्याला साडेतीनपट राबावं लागतं.

अमळनेरचं उदाहरण तर सगळ्या देशात सांगतात. १९४५ साली तिथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, तीच पुढची विप्रो. गावातल्या ज्यांनी सुरुवातीच्या काळात थोडे शेअर घेतले आणि विकले नाहीत, त्यांच्या घरात त्या कागदांचे कोट्यवधी झाले. मला त्यांचा हेवा नाही, आनंदच आहे. पण त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते. मालमत्ता वेळेवर हातात असली तर काळ तिच्यासाठी काम करतो. मजुरीसाठी काळ असं काही करत नाही. सुरत-नागपूर महामार्ग चौपदरी झाला, त्याच्या कडेची कोरडवाहू जमीन बिगरशेती झाली, प्लॉट पडले. वाढलेली किंमत कोणाच्या खात्यात गेली? ज्याचं नाव होतं त्याच्या. भूसंपादनाचा मोबदलाही त्याच नावावर येतो.

मग आमच्या पिढीच्या हातात काय येतं? पगार. आणि तोही कसा? तुमच्यापैकी जे शिक्षक होते, तलाठी होते त्यांना मी हे विशेष करून सांगतो. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी जो राज्य सरकारच्या सेवेत लागला त्याला जुनी पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगाराच्या निम्मी आणि वर महागाई भत्ता. त्या तारखेपासून पुढे लागलेल्यांसाठी अंशदानाची नवी योजना आली. मार्च २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांनी जुन्या पेन्शनसाठीच संप केला. शिक्षकांमध्ये तर २००० सालापासून शिक्षणसेवक नावाची पायरी आली. प्राथमिकला महिना सहा हजार मानधन वर्षानुवर्षं चालू होतं, २०२३ मध्ये ते सोळा हजार झालं. जळगावच्या विद्यापीठाच्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे सेट-नेट झालेले प्राध्यापक आहेत, त्यांना मे महिन्यात काहीच मिळत नाही कारण तास नसतात. एकाच घरात निवृत्त वडिलांची पेन्शन ही डॉक्टरेट झालेल्या मुलाच्या कमाईपेक्षा मोठी, हे आता नवल राहिलं नाही. सून सासऱ्यांकडे किराण्याचे पैसे मागते. सासरे देतात. पण ज्या मुलाला त्यांनी एवढं शिकवलं, तो जेवायला बसताना मान वर करत नाही.

आणि याच घरांमधून एकर-दोन एकर विकून मुलाला कुठल्याशा शिक्षण संस्थेत नोकरीला चिकटवण्याचा प्रयत्न झाला. कोणत्या संस्थेत, ते लिहीत नाही, प्रत्येक तालुक्याला आपापली माहीत आहेत. जमीन गेली, काही ठिकाणी मान्यता आली नाही, पैसेही परत आले नाहीत. म्हणजे तरुण पिढीच्या वाट्याची जमीन आधीच्या पिढीतल्या संस्थाचालकांकडे पैसा होऊन गेली. वडिलांच्या आणि मुलाच्या पिढीत जी दरी पडली आहे ती फक्त नशिबाने पडलेली नाही. काही ठिकाणी ती खणली गेली आहे.

ज्यांना इथे काही मिळालं नाही ते गाडीत बसले. सुरतेला उधना, लिंबायत, डिंडोलीत अख्खी खान्देशी गावं वसली आहेत. चाकणला, नाशिकला, वापीला, अंकलेश्वरला आमची मुलं आहेत. बारा तासांची पाळी, एका खोलीत चौघं. तिथून ती गावाला पैसे पाठवतात, आणि त्या पैशातून ज्या जमिनीवर पाइप टाकला जातो ती जमीन तुमच्या नावावर. वरचं घर बांधलं तर घरपट्टी तुमच्या नावावर. दोन भाऊ असले की एकाने पैसे घातले आणि दुसऱ्याने श्रम, याचा कागद कुठेच नसतो. भांडणं तिथूनच उगवतात. तुम्हाला वाटतं वाटणी केली की भांडणं होतील. माझ्या केंद्रात जी भांडणं येतात ती बहुतेक वाटणी न केल्यामुळे आलेली असतात: वडील गेले, कोणी काय घातलं ते सांगायला कोणी उरलं नाही, वारस म्हणून सहा जणांची नावं चढली, आता एक विहीर आणि एक वीजजोडणी यावरून सख्खे भाऊ कोर्टात.

वय हा या सगळ्याचा गाभा आहे. तुमचे वडील साठीच्या आसपास गेले, तुमच्या नावावर जमीन तिशी-पस्तिशीत आली. अंगात जोर असताना आली. तुम्ही देवाच्या कृपेने ऐंशी-पंचाऐंशी वर्षं जगाल, जगावं, आम्हाला तुम्ही हवे आहात. पण हिशेब करा, मुलाच्या नावावर जमीन येईल तेव्हा तो साठीत असेल. त्याच्या मुलांची शिक्षणं झालेली असतील किंवा पैशांअभावी सुटलेली असतील. धाडस करून फळबाग लावायची, नवीन पीक घ्यायचं, शेडनेट उभारायचं त्याचं वय गेलेलं असेल. वारसा मिळेल, पण गरज निघून गेल्यावर.

लग्नाचंही तेच. मुलाच्या बायोडाटात आपण लिहितो, "शेती: बारा एकर बागायत". मुलीचे वडील आता सातबारा मागतात, आणि त्यावर मुलाचं नाव नसतं. "एकुलता एक आहे हो", एवढ्यावर ते थांबत नाहीत. त्यांचंही चूक नाही. आपल्या लेकीला नवऱ्याच्या हातखर्चासाठी सासऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागू नये असं कोणत्या बापाला वाटणार नाही? पस्तिशी उलटलेली अविवाहित मुलं प्रत्येक गावात पारावर बसलेली आहेत. ती आळशी आहेत असं आपण म्हणतो. मला तसं वाटत नाही.

लेकींबद्दल बोलायलाच हवं, आणि इथे मी तुमच्याबरोबर तुमच्या मुलांनाही सोडणार नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं की २००५ साली वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क राहतोच. पण दुय्यम निबंधक कार्यालयात सकाळी जाऊन बसा. भाऊ मोटार करून बहिणींना घेऊन येतात, हक्कसोड पत्रावर अंगठा आणि फोटो होतो, बाहेर चहा होतो, घरी गेल्यावर साडी-चोळी होते. आखाजीला माहेरी आलेल्या लेकीकडून हे काम करून घेणारी घरं मला माहीत आहेत. तिने माहेर तुटू नये म्हणून सही केली, त्याला आनंदाने दिलेली संमती म्हणू नका. तिला हिस्सा द्या, किंवा तिने स्वखुशीने सोडला तर त्याचं योग्य मोल तिच्या खात्यात, तिच्याच खात्यात, टाका. आणि सून? निंदणी, वेचणी, गुरांचं चारापाणी तिच्या हाताने होतं. पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लावण्यासाठी सरकारने १९९२ मध्येच लक्ष्मीमुक्ती योजना काढली. त्याआधी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम गावोगाव नेली होती. तीस वर्षांनंतरही आपल्या बागायती पट्ट्यात अशी नावं शोधावी लागतात. तिकडे धडगाव-अक्कलकुव्यात वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा मात्र नवरा-बायको दोघांच्या नावाने असतो, कारण २००६ च्या कायद्यातच तसं लिहिलं आहे. ज्यांना आपण मागास म्हणतो त्यांच्या कागदावर बाईचं नाव आहे. आपल्या कागदावर नाही.

ज्यांच्या घरात वाटायला काहीच नाही, त्यांची आठवणही इथे ठेवतो. सालदाराच्या मुलाला बापाकडून उशिरा काय आणि लवकर काय, मिळायचंच नाही. आज दोन पिढ्यांमधली जी दरी आहे तीच उद्या एकाच पिढीतल्या दोन मुलांमध्ये उतरणार आहे, एकाला कधी तरी जमीन मिळेल आणि दुसऱ्याला कधीच नाही. तो प्रश्न या पत्राने सुटत नाही. त्याच्यासाठी चांगली शाळा, पक्की नोकरी आणि मजुरीचा योग्य दर हवा, आणि त्यासाठी भांडताना माझ्यासारख्यांनी त्याच्या बाजूला उभं राहिलं पाहिजे.

तुमच्या शंका खऱ्या आहेत. जमीन तुकडे-तुकडे होईल, ही पहिली. राज्यातली सरासरी जमीनधारणा १९७०-७१ ला ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती १.३४ वर आली, हे खरं आहे. पण नाव लावणं म्हणजे बांध घालणं नव्हे. सामाईक खातं राहू शकतं, पीक एकत्र घेता येतं, फक्त कागदावर माणसं दिसतात.

दुसरी शंका जास्त खोल आहे. "ताट द्यावं, पाट देऊ नये." दिलं की विचारणार नाहीत, म्हातारपणी दारोदार फिरावं लागेल. असं झालेली उदाहरणं आहेत, मी पाहिली आहेत, म्हणून ही भीती कोणी हसण्यावारी नेऊ नये. सगळं देऊन टाका असं मी सांगतच नाही. वाटणी करताना तुमचा आणि आईचा हिस्सा वेगळा ठेवा, राहतं घर तुमच्याच नावावर ठेवा. बक्षीसपत्र करणार असाल तर त्यात लिहून घ्या की मुलगा सांभाळ करील, औषधपाणी बघेल. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार, ही अट मोडली तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जाऊन तो दस्त रद्द करून घेता येतो. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आईने मुलाला दिलेलं बक्षीसपत्र याच कायद्याखाली रद्द केलं. अट मात्र लिहिलेली हवी, तोंडी नको.

खर्चाची भीतीही फारशी उरलेली नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली सगळ्या सहहिस्सेदारांच्या संमतीने तहसीलदारांकडे वाटणीचा अर्ज करता येतो. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक शुल्क १०० रुपये. नोंदणी फी पूर्वी तीस हजारांपर्यंत जायची, मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ती माफ करण्याचा निर्णय घेतला. मुलाला, मुलीला, नातवंडांना शेतजमीन किंवा राहतं घर बक्षीस द्यायचं तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, अधिभार आणि नोंदणी वेगळी. वकिलाला एकदा दाखवून घ्या, वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित जमिनीचा हिशेब वेगळा असतो.

आता सरकारला. एप्रिल २०२५ मध्ये तुम्ही जिवंत सातबारा मोहीम राज्यभर सुरू केलीत, मयतांची नावं कमी करून वारसांची लावायला. मोहीम चांगली आहे, माझ्या केंद्रातूनही अर्ज गेले. तिचा पुढचा टप्पा घ्या: हयात खातेदाराच्या संमतीने कसणाऱ्या मुला-मुलींची, सुनांची नावं गावात शिबीर घेऊन लावा. पीएम-किसानमध्ये १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख ठरवून टाकली, त्यानंतर नावावर आलेली जमीन धरायची ती खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसाने आली असेल तरच, असा नियम केला. मग वडिलांनी हयातीत नाव का लावावं? मेल्यावर आलेली जमीन चालते आणि जिवंतपणी प्रेमाने दिलेली चालत नाही, असा नियम कसणाऱ्याच्या विरुद्ध जातो. तो काढून टाका. आणि जिल्हा बँकेच्या, सोसायट्यांच्या संचालकांना विनंती: खातेदाराच्या संमतीपत्रावर कसणाऱ्या मुलाला किंवा सुनेला सहकर्जदार करून घ्या, म्हणजे त्यांच्या नावावर परतफेडीचा इतिहास तरी तयार होईल. तुमच्या संचालक मंडळातली नावंही मी लहानपणापासून तीच वाचत आलो आहे. तिथेही चाळिशीच्या आतल्यांना बसू द्या.

नाना, आप्पा, पुन्हा तुमच्याकडे येतो. आखाजीला लेकी येतील, सुरतेहून पुण्याहून मुलं येतील. सांजोऱ्या आणि पुरणपोळीच्या जेवणानंतर सगळ्यांना एकत्र बसवा. लेकींना सही करायला म्हणून नव्हे, हिस्सा बोलायला म्हणून बसवा. सुनांना माजघरातून बाहेर बोलवा. कोणी किती पैसा घातला, कोणी किती वर्षं घाम गाळला, तुम्हाला आणि आईला महिन्याला किती लागेल, ते एका वहीत लिहून काढा. नावं लावायची की नाही हे शेवटी तुम्हीच ठरवा, पण सगळ्यांसमोर ठरवा. मग येताना ताजा सातबारा, आठ-अ आणि सगळ्यांचे आधार घेऊन या. कलम ८५ चा अर्ज मी लिहून देईन, त्याचे पैसे घेणार नाही. त्या आठवड्यात केंद्र रविवारीही उघडं ठेवीन.

आपला नम्र,
चोपडा तालुक्यातला एक सेवा केंद्रचालक